विममध्ये लांब ओळ आपोआप तुटते, बंद केलेलं सेटिंग दुसऱ्या फाइलला परत येतं

विम (मजकूर लिहायचा-सुधारायचा प्रोग्रॅम) किंवा जीविममध्ये (तेच, स्वतःच्या खिडकीत चालणारं) साधी मजकूर-फाइल उघडली, एखाद्या लांब ओळीच्या शेवटी दोन शब्द वाढवले, की ओळ मध्येच तुटते आणि उरलेला भाग खाली जाऊन बसतो. सेटिंग बंद केलं तर तेवढ्यापुरतं बंद राहतं. दुसरी फाइल उघडली की परत तेच. हे दुखणं माझ्याकडे इतक्या वेळा आलंय की एकदा सगळं नीट लिहून काढतो.

गेल्या पावसाळ्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाची पुस्तकसूची संगणकावर उतरवायचं काम चाललं होतं. काम बघणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. दोन कपाटांची नोंद त्यांनी वहीत करून ठेवली होती, ती मजकूर-फाइलमध्ये घालत होत्या. एका पुस्तकाला एक ओळ, रकान्यांच्या मध्ये उभी रेघ. असली फाइल वीस वर्षांनीही कुठल्याही संगणकावर उघडेल, म्हणून मीच तसं सुचवलं होतं. मी फोंड्याला, त्या तिकडे, त्यामुळे सगळी दुरुस्ती फोनवर.

“अरे, परत तुटली रे ओळ. काल तू सांगितलंस तसं केलं तेव्हा बरी होती. आज दुसऱ्या कपाटाची फाइल उघडली आणि परत तेच.”

“बाई, मी करून दिलेल्या शॉर्टकटवरनंच उघडलीत ना?”

“हो रे, त्याच्यावरनंच. पहिली फाइल बरी आहे. दुसरीच खोडी करते.”

पहिली बरी आणि दुसरी बिघडते, या एका वाक्यात सगळं उत्तर होतं. मला ते दोन दिवस उशिरा कळलं.

पुढे जाण्याआधी एक सांगतो. इथल्या आज्ञा मी देवनागरीत लिहितोय. कळफलकावर त्या रोमन अक्षरांत द्यायच्या, जिथे मोठं अक्षर हवं तिथे तसं सांगितलंय. आज्ञेतल्या संख्या इंग्रजी कळांच्या. ‘टेक्स्टविड्थ’सारखं नाव (ओळ किती लांब झाली की तोडायची ते ठरवणारं सेटिंग, शून्य म्हणजे तोडायची नाही) एकसंध असतं, मध्ये जागा नाही. स्पेलिंग आठवत नसेल तर ‘:सेट टेक्स्ट’ इथपर्यंत लिहून टॅब दाबा, उरलेलं नाव विम स्वतः भरतं; दुसरंच नाव आलं तर हवं ते येईपर्यंत टॅब दाबत राहा.

ओळ खरंच तुटली की नुसती दुमडली?

यात फार लोक फसतात. खिडकी अरुंद असली की विम लांब ओळ दुमडून दाखवतं. तो फक्त दिसण्याचा प्रकार, फाइलमध्ये काही बदलत नाही. ‘:सेट नंबर’ द्या आणि डावीकडचे आकडे बघा. दुमडलेल्या ओळीला एकच क्रमांक असतो, खालच्या भागासमोर जागा कोरी. दोन्ही भागांना वेगवेगळे क्रमांक असतील तर ओळ खरोखर तुटलीय आणि फाइल जतन केली की तशीच जतन होणार.

बाईंच्या फाइलमध्ये दोन क्रमांक होते. नोंद अशी दिसत होती:

४१२|संगीत नाटक|मुंबई|१९६४|१ रु. ५० पैसे|कपाट ७|बांधणी सुटलेली, शेवटचं पान नाही, देणगी देवळाच्या
नाट्यमंडळाकडून

ही फाइल तक्त्यात घेतली तर ‘नाट्यमंडळाकडून’ नावाचं एक नवीनच पुस्तक तयार होतं. चारशे पुस्तकांच्या सूचीत अशी तीसेक भुतं शिरली की मोजदाद जुळत नाही, आणि चूक कुठे झाली ते शोधताना माणूस वही घेऊन परत पहिल्या पानापासून बसतो. बाई तशा बसल्या होत्या, म्हणून मला हे मनाला लागलं.

तुटण्याची जागा बघा. विम मराठी ओळ मोजताना काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना वेगळं घर, म्हणजे पडद्यावरची एका अक्षराची जागा, देत नाही, पण जोडाक्षरातलं प्रत्येक अक्षर वेगळं धरतं. त्या हिशोबाने ‘देवळाच्या’ ६९व्या घरात संपतं आणि ‘नाट्यमंडळाकडून’ ७९व्या. मर्यादा ७८ची असली की ओळ इथेच तुटते. हा आकडा कुठून आला त्यालाही कारण आहे. जुन्या टर्मिनलच्या पडद्यावर, उदाहरणार्थ १९७८ सालच्या व्हीटी-१०० वर, एका ओळीत ८० अक्षरं मावत. त्यातली दोन घरं मोकळी सोडली की ७८.

मोजणीवरूनच आणखी एक शंका लोक विचारतात. ‘पणजी’ या शब्दातल्या ‘ज’वर कर्सर नेला की खाली उजवीकडे ‘७-३’ असं काहीतरी दिसतं. हा बिघाड नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. ‘प’ आणि ‘ण’ मिळून सहा बाइट झाले, म्हणून ‘ज’ सातव्या बाइटवर आणि पडद्यावरच्या तिसऱ्या घरात. पहिला आकडा बाइटचा, दुसरा घराचा.

कोणी बदललं ते विमलाच विचारा

इथे मी सुरुवातीला चुकलो, आणि बहुतेकजण इथेच चुकतात. ओळ तुटतेय म्हणजे ‘टेक्स्टविड्थ’ चालू आहे हे कळलं, की सेटिंगच्या फाइलमध्ये शेवटी ‘सेट टेक्स्टविड्थ=०’ लिहायचं. नाही चाललं तर वर लिहायचं. तरी नाही तर ‘सेट’च्या जागी दुसरं काही. सेटिंगची फाइल वाढत जाते आणि दुखणं तिथेच राहतं. शून्य तर मुळातच असतं. ते कोणीतरी बदलतंय, आणि तो कोण हे शोधल्याशिवाय हात घालू नये.

त्यासाठी विममध्ये एक फार चांगली आज्ञा आहे, ती कायमची लक्षात ठेवा. बिघडलेली फाइल उघडी असताना लिहा:

:व्हर्बोझ सेट टेक्स्टविड्थ?

शेवटचं प्रश्नचिन्ह महत्त्वाचं. विम सध्याची किंमत सांगतं आणि त्याखाली हे सेटिंग शेवटचं कुठल्या फाइलने बदललं तेही सांगतं, नव्या आवृत्त्यांत ओळ क्रमांकासकट. बाईंना फोनवर एकेक अक्षर वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं: किंमत ७८, आणि शेवटचा बदल विमच्या स्वतःच्या फोल्डरमधल्या ‘व्हीआयएमआरसी_एक्झाम्पल.व्हिम’ या फाइलमधून.

म्हणजे आमच्या सेटिंगचा यात काही दोषच नव्हता. विंडोजवर विम बसवलं की ते ‘_व्हीआयएमआरसी’ नावाची एक तयार सेटिंगची फाइल मांडून ठेवतं, आणि ती फाइल वरची ‘एक्झाम्पल’, म्हणजे नमुन्याची, फाइल वाचते. नमुन्याच्या फाइलमध्ये एक ओळ आहे, तिचा अर्थ असा: टेक्स्ट प्रकारची कुठलीही फाइल उघडली की तिच्यापुरती टेक्स्टविड्थ ७८ कर. हे साधं सेटिंग नाही, ‘ऑटोकमांड’ आहे. साधं सेटिंग विम सुरू होताना एकदा लागतं. ऑटोकमांड प्रत्येक फाइल उघडताना नव्याने चालते. तुम्ही सुरुवातीला शून्य केलेलं असतं, फाइल उघडते, आणि ऑटोकमांड त्यावर ७८ चढवते.

खात्री करायची असेल तर विम सगळी वैयक्तिक सेटिंगं बाजूला ठेवून उघडता येतं. आज्ञेच्या खिडकीत ‘विम’नंतर ‘--क्लीन’ लिहा आणि मग फाइलचं नाव. अशा विममध्ये ओळ तुटली नाही तर गुन्हेगार सेटिंगच्या फाइलींत आहे हे पक्कं. ‘-यू’ आणि मग मोठ्या अक्षरांत ‘नन’ असाही पर्याय आहे, पण तो विमला जुन्या व्हीआयच्या (विमचा पूर्वज प्रोग्रॅम) वळणावर नेतो, त्यामुळे सोबत मोठा ‘-एन’ द्यावा लागतो. हा मोठा एन. छोट्या एनचा अर्थ वेगळा, त्याच्याकडे शेवटी येतो.

शॉर्टकटने का भागलं नाही

मी बाईंना करून दिलेल्या शॉर्टकटच्या टार्गेटमध्ये ‘-सी’ आणि त्यापुढे अवतरणात ‘सेट टेक्स्टविड्थ=०’ घातलं होतं. ‘-सी’ने दिलेली आज्ञा पहिली फाइल उघडून झाल्यावर चालते. त्यामुळे ऑटोकमांडने ७८ केलेलं पहिल्या फाइलपुरतं शून्य झालं आणि मला वाटलं सुटलं. त्याच खिडकीत बाईंनी दुसरी फाइल उघडली, ऑटोकमांड परत चालली, ‘-सी’ची पाळी तर होऊन गेली होती. पहिली बरी, दुसरी बिघडलेली.

कोणी ‘-सी’ऐवजी ‘--कमांड’, म्हणजे दोन वजा आणि सी-एम-डी, वापरतं. त्याने तर पहिली फाइलसुद्धा सुधारत नाही. ती आज्ञा सेटिंगच्या फाइली वाचायच्याही आधी चालते, म्हणजे पुढे येणारं सगळं तिच्यावरून फिरतं. फरक एवढाच लक्षात ठेवा: ‘--कमांड’ सगळ्यांच्या आधी, ‘-सी’ पहिल्या फाइलच्या नंतर. एकदाच उघडून बघायच्या फाइलला ‘-सी’ छान आहे. रोजच्या कामाला त्याच्यावर विसंबू नका.

कायमचा उपाय

विंडोजवर विम सेटिंगची फाइल ठरावीक जागी, ठरावीक क्रमाने शोधतं, आणि जी पहिली सापडेल तीच वाचतं. बाकीच्या सोडून देतं. आधी तुमच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्ये, शेवटी विम बसवलेल्या फोल्डरमध्ये. तेव्हा होम फोल्डरमध्ये स्वतःची ‘_व्हीआयएमआरसी’ केली की ती तयार फाइल, आणि तिच्या पाठोपाठ येणारी नमुन्याची फाइल, वाचलीच जात नाही. ऑटोकमांड मुळातूनच गेली.

फाइल विममधूनच बनवा: ‘:ई $होम/_व्हीआयएमआरसी’, यातलं ‘होम’ मोठ्या अक्षरांत. नोटपॅडने केली तर शेवटी ‘.टीएक्सटी’ चिकटण्याची भीती असते, आणि विंडोज ते शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळे फाइल बरोबर दिसते पण विम ती ओळखत नाही. एका पेडण्याच्या मित्राचे दोन दिवस यात गेले.

फाइलमध्ये पहिली ओळ अशी घालायची की विमची ‘डिफॉल्ट्स.व्हिम’ वाचली जाईल: ‘सोर्स $व्हीआयएमरनटाइम/डिफॉल्ट्स.व्हिम’, डॉलरपुढचं नाव सगळं मोठ्या अक्षरांत. २०१६ साली आलेल्या ८.० आवृत्तीपासून विम ही फाइल आपणहून वाचतं, पण तुमची स्वतःची सेटिंगची फाइल नसेल तेव्हाच. स्वतःची फाइल केली की ते सोडून देतं. ही ओळ विसरलात तर रंग जातात, खालचे आकडे जातात, आणि ‘सेटिंग केलं तर अजून बिघडलं’ अशी नवी तक्रार सुरू होते. टेक्स्टविड्थची ऑटोकमांड या डिफॉल्ट्समध्ये नाही, ती नमुन्याच्या फाइलमध्येच आहे, म्हणून हिला बिनधास्त घ्या. कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्हीची सवय असेल तर दुसऱ्या ओळीत तशाच पद्धतीने ‘एमएसविन.व्हिम’ वाचा. बाईंना ते हवं होतं.

मग दिसण्याचं: ‘सेट एन्कोडिंग=यूटीएफ-८’, ‘सेट नंबर’, ‘सेट रॅप’ आणि ‘सेट लाइनब्रेक’. बाईंना मुळात हवं होतं ते शेवटच्या दोनांत आहे. लांब ओळ पडद्यावर पूर्ण दिसते, शब्दाच्या मध्ये न दुमडता शब्दाच्या शेवटी दुमडते, आणि फाइलमध्ये एकच राहते. अक्षराचा आकार रोज परत लहान होत असेल तर ‘:सेट गायफॉन्ट=*’ द्या (रोमनमध्ये जी-यू-आय-फॉन्ट, जोडून), खिडकीतून फॉन्ट निवडा, मग ‘:सेट गायफॉन्ट?’ विचारा. येईल ते उत्तर सेटिंगच्या फाइलमध्ये उतरवा, पण फॉन्टच्या नावात जागा असेल तर तिच्या आधी उलटी तिरकी रेघ द्या, नाहीतर विम अर्ध्या नावावर थांबतं. टेक्स्टविड्थबद्दल काहीच लिहू नका, गरज नाही.

विम बंद करून पुन्हा उघडा आणि ‘:एको $मायव्हीआयएमआरसी’ विचारा, डॉलरपुढचं मोठ्या अक्षरांत. तुमच्या होम फोल्डरमधल्या फाइलचं नाव आलं तर काम झालं. आणि या वेळी एक नव्हे, दोन फाइली उघडून बघा.

संगणक शाळेचा किंवा कार्यालयातला असेल आणि तिथली सामाईक फाइलच वापरावी लागत असेल, तर त्या फाइलमध्ये, नमुन्याची फाइल वाचणाऱ्या ओळीच्या खाली, आपली ऑटोकमांड घाला: ‘ऑटोसीएमडी फाइलटाइप टेक्स्ट सेटलोकल टेक्स्टविड्थ=०’. खालीच घालायची. वर घातली तर नमुन्याची नंतर चालून तिला पुसते.

याच बदलाने आणखी एक कटकट जाते. नमुन्याच्या फाइलमुळे प्रत्येक फाइलजवळ शेवटी ‘~’ असलेली एक आणि ‘.यूएन~’ असलेली एक फाइल साठत असते. पहिली मागच्या जतनाची प्रत, दुसरी अनडूचा इतिहास. नवी सेटिंग फाइल आल्यावर त्या बनायच्या थांबतात. जुन्या मात्र लगेच पुसू नका, सूची दुरुस्त होईपर्यंत त्या मागच्या प्रती उपयोगी पडतात.

तुटलेल्या ओळी जोडणे

तीसेक जागी मोठं ‘जे’ दाबून हातानेही जोडता आलं असतं, पण एकेक शोधत बसावं लागलं असतं. प्रत्येक खरी नोंद क्रमांक आणि उभ्या रेघेने सुरू होते. जी ओळ तशी सुरू होत नाही ती वरच्या ओळीला जोडायची. आज्ञा अशी:

:व्ही/^[०-९]\+|/-जे

इथे ‘व्ही’ आणि ‘जे’ ही रोमन छोटी अक्षरं, कंसातले अंक मात्र खरोखर मराठी टाइप करायचे. विमचं अंक ओळखायचं नेहमीचं चिन्ह ‘\डी’ फक्त इंग्रजी अंक ओळखतं. मराठी अंकांच्या सूचीवर ते चालवलं तर त्याला एकही ओळ नोंद वाटत नाही, आणि सगळी सूची एका ओळीत गोळा होते. झालंच तर ‘यू’ दाबा, परत पहिल्यासारखं होतं. उभी रेघही वगळू नका. एका तुटलेल्या ओळीचा खालचा भाग ‘१९६१ नंतरची आवृत्ती’ असा होता, नुसता अंक बघितला असता तर ती नोंद मानून सुटली असती. आज्ञा चालवण्याआधी फाइलची प्रत काढून ठेवा.

उत्तर वेगळंच आलं तर

‘:व्हर्बोझ’ने ‘मोडलाइन’ सांगितलं तर फाइलच्या पहिल्या किंवा शेवटच्या पाच ओळींत बघा. ‘विम:’ असं लिहून पुढे सेटिंग असेल. फाइल दुसऱ्याकडून आली की हे हमखास सापडतं. ती ओळ काढा, किंवा मोडलाइन वाचणंच बंद करा: ‘सेट नोमोडलाइन’. २०१९ मध्ये मोडलाइनमधून घातक आज्ञा चालवता येण्याची त्रुटी सापडली होती, त्यामुळे अनोळखी फाइली उघडणाऱ्याने ते बंद ठेवलेलं बरं.

‘एफटीप्लगइन’ फोल्डरचं नाव आलं तर तो त्या फाइल-प्रकाराचा नियम. उपाय वरच्या सामाईक फाइलसाठीच्या ऑटोकमांडसारखाच, फक्त ‘टेक्स्ट’च्या जागी तो प्रकार.

जोडाक्षरं फुटून हलन्त वेगळा दिसतोय, ही तक्रार या कुळातलीच नाही. ती फाइल दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडून बघा. तिथे बरी दिसली तर फाइल ठीक आहे, अडचण अक्षरं रंगवणाऱ्या खिडकीची. आणि मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिखल दिसत असेल तर फाइल बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. तिला एन्कोडिंगचं कुठलंही सेटिंग लावून उपयोग नाही, त्या फॉन्टसाठीच्या परिवर्तकातूनच काढावी लागते.

पावसात छोटा ‘-एन’ लावू नका

जून ते सप्टेंबर आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. वीज गेली, संगणक बंद पडला, परत उघडलं की विम ‘ई३२५’ म्हणून इशारा देतं: स्वॅप फाइल सापडली. बाईंनी दरवेळी ‘एडिट एनीवे’ दाबलं, त्यामुळे स्वॅप तशीच राहिली आणि इशारा रोज येत राहिला. कंटाळून त्यांच्या भाच्याने शॉर्टकटला छोटा ‘-एन’ लावून दिला. इशारा थांबला, पण स्वॅप फाइल बनायचीच थांबली. विम दर २०० अक्षरांनी, किंवा चार सेकंद हात थांबला की, टाइप केलेलं स्वॅपमध्ये उतरवत असतं. तेच गेलं. पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा दुपारभर केलेल्या नोंदी गेल्या.

इशारा आला की ‘आर’ दाबून परत मिळवा, ‘:डब्ल्यू’ आणि नवीन नाव देऊन वेगळी फाइल जतन करा, ‘-डी’ पर्यायाने जुनी आणि नवी शेजारी उघडून ताडून बघा. नवी बरोबर असेल तर ती ठेवा आणि मग ‘.एसडब्ल्यूपी’ची ती फाइल पुसा. पुसेपर्यंत इशारा येतच राहणार.

बाईंच्या शॉर्टकटमधले ‘-सी’ आणि ‘-एन’ दोन्ही काढले. आता टार्गेटमध्ये नुसतं जीविमचं नाव आहे. दोन्ही कपाटांच्या फाइली एकदम उघडून त्यांनी ‘:सेट टेक्स्टविड्थ?’ विचारलं, दोन्हीकडे शून्य आलं, आणि ४१२ नंबरची नोंद एका ओळीत आहे.